बाळाच्या बाप्तिस्म्याबद्दल, पुन्हा

नंदाखाल, वसई

प्रिय बाय,

"पापा, चार महिन्यांच्या पोराने काय पाप केलंय ते आधी सांगा, मग पाणी ओतू," असं म्हणून तू फोन ठेवलास. तुझी आई म्हणते, आता काही दिवस तोंड बंद ठेवा, तिचं पोर आजारी आहे. म्हणून फोन करत नाही, लिहितो. बाळाला घरी आणल्याचं जावयाने कळवलं. पण श्वास लागतो का, दूध ओढतो का, रात्री झोपतो का, यातलं त्याने एक अक्षर लिहिलेलं नाही. पुरुषांना असलं विचारलेलं कळत नाही. तू लिही.

बाप्तिस्म्याचा विषय या पत्रात काढायचा नाही, असं ठरवलं होतं. पण तू प्रश्न विचारलास आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात माझी हयात गेली, तेव्हा उत्तर न देता राहवत नाही.

प्रश्न तुझा जुनाच आहे, आदिपापाचा: आदाम-हव्वेचं पाप जन्मतःच सगळ्यांच्या वाट्याला येतं आणि बाप्तिस्म्याने धुतलं जातं, ते का? पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या, तयारीत तू उभी राहून विचारलं होतंस, "हव्वेने फळ खाल्लं, तर माफी मी का मागायची?" अख्खा वर्ग हसला. मी तुला खाली बसवलं, आणि त्या रात्री जेवताना तेच पुन्हा पुन्हा सगळ्यांना सांगत होतो. नाना म्हणाले, ही वकील होणार. ते काही झालं नाही, पण कॅनडात बसून बापाची उलटतपासणी घेतेस, म्हणजे नाना अगदीच चुकले नाहीत.

तू व्हॉट्सअ‍ॅपवर यहेज्केलचा अठरावा अध्याय पाठवलास, बापाच्या पापाचा भार मुलावर येणार नाही म्हणून. बरोबर आहे, तसं लिहिलंय. पण पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्यायही तिथंच आहे: एका माणसामुळे पाप जगात आलं आणि पापामागून मरण. दोन्ही आपल्याच पवित्र शास्त्रात आहेत. या दोहोंचा मेळ कसा घालायचा, यावरच शेकडो वर्षं वाद झाला.

पेलागियस नावाचा एक संन्यासी होता. त्याच्या बाजूचे लोक म्हणत, बाळ जन्मतं ते आदाम पापात पडण्यापूर्वी जसा होता तसं. पाप माणूस पुढे अनुकरणाने शिकतो. तुला तो आवडला असता. संत ऑगस्टीन त्याच्याविरुद्ध उभा राहिला आणि 418 साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसवाद्यांची मतं फेटाळली. ऑगस्टीनने एक तान्हं मूल पाहिलं होतं. बोलायचं वय नाही, पण दुसरं मूल दाईच्या अंगावर पिताना पाहून ते रागाने पांढरं पडलं. त्यावरून तो म्हणतो, तान्ह्याचे हातपाय दुबळे असतात म्हणून ते निरागस दिसतं, मन निरागस नसतं. आमच्याकडे याला पुरावा शोधावा लागला नाही. तुझा भाऊ झाला तेव्हा तू पाळण्यात वाळू टाकली होतीस. विचार आईला.

पण ऑगस्टीनचं सगळंच मला पटत नाही, हेही सांगतो. बाप्तिस्मा न झालेली बाळं नरकातच जातात, फक्त सर्वांत सौम्य शिक्षेत, इथपर्यंत तो गेला. मधल्या युगातल्या विद्वानांना ते झेपलं नाही, म्हणून त्यांनी 'लिंबो' सांगितलं. तिथं दुःख नाही, पण देवाचं दर्शनही नाही.

चर्चचं म्हणणं मला समजलं ते असं. आपली खालची वाडी आज्याने गहाण टाकली होती, आठवतं ना? मी जन्मलो तेव्हा सातबाऱ्यावर बोजा होता. कर्ज मी काढलं नव्हतं, सही माझी नव्हती, पण जमीन नसलेल्या घरातच मी जन्मलो. आदिपाप हे असं आहे. 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्टच आहे की हे केलेलं पाप नव्हे, वाट्याला आलेली स्थिती आहे. त्याला 'पाप' म्हणायचं ते फक्त साधर्म्याने. तेव्हा तुझ्या लेकाला कोणी गुन्हेगार म्हणत नाही, मी तर नाहीच. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती तर म्हणतात की आदामाकडून आपल्याला मरण मिळालं, दोष नाही. शाळेतले माझे एक सहकारी म्हणायचे, तुमचं आदिपाप म्हणजे आमचं प्रारब्धच की. मी म्हणायचो, नाही सर, प्रारब्ध ज्याचं त्याचं असतं, आमचं दुसऱ्याने करून ठेवलेलं. यावर ते चहा मागवायचे.

झालं, वर्ग सुरू झाला. माफ कर. पोराला घेऊन रात्रभर जागी असशील आणि इकडे बाप कार्थेज सांगतोय.

खरं कारण वेगळं आहे. माझ्या पाठचा भाऊ पावसाळ्यात गेला. बाप्तिस्मा रविवारी व्हायचा होता, त्याआधीच. तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्याला दफनभूमीत जागा मिळाली नाही, कुंपणाबाहेर पुरला. दर 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, तुझी आजी आत सगळ्यांच्या कबरींवर मेणबत्त्या लावायची आणि मग एक घेऊन बाहेर जायची. लहानपणी मला वाटायचं, सगळेच तसं करतात. 2007 साली रोमच्या धर्मपंडितांनी जाहीर केलं की अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहे, आणि लिंबो हा कधीच श्रद्धेचा सिद्धान्त नव्हता. मी आनंदाने ते आजीला वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग इतकी वर्षं माझं पोर कुठं होतं?"

मी धर्मशिक्षक. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून बाळाला इस्पितळात नेलं हे कळल्यावर पहिला शब्द माझ्या तोंडून 'बाप्तिस्मा' हाच निघाला. देव त्याला बाहेर ठेवील असं मला वाटत नाही. भीती मात्र वाटते, आणि ती पुस्तकाने जात नाही.

तुझ्या बाजूचा मुद्दाही मीच देतो, नाहीतर तू शोधून काढशीलच. ऑगस्टीन लहानपणी मरणाच्या दारात होता, तेव्हा त्याच्या आईने, मोनिकाने, बाप्तिस्म्याची तयारी केली; तो बरा झाला आणि तिने ते पुढे ढकललं. पुढे 387 च्या ईस्टरला मिलानमध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्याला बाप्तिस्मा मिळाला. म्हणजे आदिपाप शिकवणारा स्वतः इतका काळ तसाच होता. मोनिकेने डोळे किती गाळले, तेही वाच मात्र.

जबरदस्ती करता येत नाही. आईबापांपैकी एकाची तरी संमती लागते, मला ठाऊक आहे. इथं आणून गुपचूप उरकीन असा संशय घेऊ नकोस. एवढंच लक्षात ठेव की जिवावर बेतलं तर फादरची वाट बघावी लागत नाही. कोणीही डोक्यावर पाणी ओतून पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो म्हटलं, की झालं. तूसुद्धा. नर्ससुद्धा. बघ, परत तिथंच आलो.

ईस्टरच्या जागरणात तू गायनमंडळात असताना ते मोठं स्तुतिगीत व्हायचं, ज्यात आदामाच्या अपराधाला धन्य म्हटलंय, त्याच्यामुळे असा तारणारा लाभला म्हणून. तेव्हा तू काही विचारलं नाहीस. मीही विचार केला नव्हता. आता करतो.

नंदाखालातल्या मावशीचा मुलगा पुढच्या आठवड्यात टोरांटोला निघतोय. त्याच्याबरोबर सुकेळी आणि आईने शिवलेली झबली पाठवतोय. एक पांढरं आहे, लांब. ते आईचं काम, मी सांगितलेलं नाही. धर्ममाता कोणाला करायचं यावर तिचं आणि मावशीचं आधीच बिनसलंय. ते तुम्ही दोघी मिटवा.

तुझा,
पापा