तोतोची बोळवण एका वाक्यात नको

संपादक महोदय,
स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला इटालियन चित्रपटांवरचा लेख आवडीने वाचला. द सिका, रोसेलिनी, फेलिनी या दिग्दर्शकांवर लेखकाने जीव ओतून लिहिलं आहे. पण तोतो या नटाच्या वाट्याला अख्ख्या पानात एकच वाक्य आलं, आणि तेही ‘पाझोलिनीने वापरून घेतलेला एक उतारवयातला विनोदी नट’ असं. हे वाचून राहवलं नाही, म्हणून हे पत्र. तोतोच्या नावावर ९७ चित्रपट आहेत. दिग्दर्शक पाझोलिनीबरोबरचं काम त्यातल्या शेवटच्या दीड-दोन वर्षांतलं. त्याआधी तीस वर्षं इटलीतला साधा माणूस तिकीट काढून त्यालाच बघत होता.

मी मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होतो. आमचं जहाज नेपल्सला लागलं की बंदराजवळच्या कॉफीच्या दुकानांत जाणं व्हायचं. काउंटरमागे मदर मेरीची तसबीर आणि तिच्या शेजारी लांब हनुवटीच्या, वाकड्या नाकाच्या एका माणसाचा फोटो, हे मी तिथे एकाहून अधिक दुकानांत पाहिलं. कोपऱ्यातल्या टीव्हीवर त्याचा चित्रपट लागला की कप विसळणारा पोरगा नळ बंद करून उभा राही आणि संवाद पडद्याच्या आधी म्हणे. तो पोरगा तोतो वारल्यानंतर जन्मलेला होता. माझं इटालियन बंदरापुरतं, तरी मी तिथेच खिळून बसायचो. पुढे सबटायटल्स मिळाली तसतसे चित्रपट नीट पाहिले.

तोतोचा जन्म १५ फेब्रुवारी १८९८ चा, नेपल्समधल्या सानिता या गरीब, दाटीवाटीच्या वस्तीतला. आई आन्ना क्लेमेंते. वडील उमराव घराण्यातले, पण त्यांनी पोराला आपलं नाव पुष्कळ उशिरा दिलं. शाळेत असताना एका शिक्षकाच्या ठोशाने नाक-जबडा वाकडा झाला तो कायमचा. त्याच चेहऱ्याने पुढे देशाला हसवलं. अनौरस म्हणून हिणवून घेतलेल्या या मुलाने मोठेपणी घराण्याच्या किताबांसाठी कोर्टकचेऱ्या केल्या आणि अंतोनिओ दे कुर्तीस या आपल्या खऱ्या नावाने ‘प्रिन्स’ म्हणून मिरवला. काहींना हा पोकळ डौल वाटतो. मला वाटत नाही. ज्याचं बालपण बापाच्या नावाशिवाय गेलं, त्याला त्या नावाची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळते.

त्याची कला आली नेपल्सच्या छोट्या थिएटरांतून. तिथे गुस्ताव्हो दे मार्को नावाचा नट कळसूत्री बाहुलीसारखा अंग मोडून नाचायचा. तोतोने त्याची नक्कल करत सुरुवात केली आणि मग त्या नाचाला स्वतःचं रूप दिलं. डोक्यावर गोल टोपी, ढगळ कोट, आखूड विजार, टायच्या जागी बुटाची नाडी. मान एकीकडे, हनुवटी दुसरीकडे, खांदे तिसरीकडे, आणि प्रत्येक अवयव आपल्या मर्जीने चाललेला. आपल्या वगातला सोंगाड्या जसा समोरच्या प्रेक्षकाचा अंदाज घेत जागच्या जागी बोलणं फुलवत नेतो, तसा हाही लिहून दिलेल्या संवादावर कधी थांबला नाही. आन्ना मान्यानीसारखी जबरदस्त नटी युद्धकाळात रेव्ह्यूंमध्ये, म्हणजे नाच-गाणी-नकलांच्या प्रयोगांमध्ये, त्याच्याबरोबर रंगमंचावर होती.

त्याच्या विनोदाचा विषय बहुतेक वेळा एकच, तो म्हणजे भूक. १९५४ चा ‘मिझेरिया ए नोबिल्ता’ घ्या. मूळ नाटक १८८८ चं, नेपल्सच्या एदुआर्दो स्कार्पेत्ताचं. लोकांची पत्रं लिहून देऊन पोट भरणारा फेलिचे, एका घरात कोंबलेली दोन कुटुंबं, चूल थंड, सगळे एकमेकांवर करवादलेले. अचानक दार उघडून आचारी आणि नोकर आत येतात, टेबलावर जेवण मांडतात आणि चालते होतात. आपल्याला वाटतं, आता ही माणसं झडप घालणार. तसं होत नाही. सगळे खुर्च्यांवर बसल्या बसल्याच खुर्च्या बोटबोटभर टेबलाकडे सरकवू लागतात, जणू नजर हलली तर अन्न नाहीसं होईल. मग एकदम तुटून पडतात. तोतो टेबलावर चढतो, दोन्ही हातांनी स्पॅगेटी तोंडात कोंबतो आणि नाचता नाचता मूठमूठ कोटाच्या खिशात भरतो. ते खिसे भरणं नीट पाहा. पोट आज भरतंय, पण ज्याने उपास काढलेत त्याचा हात उद्याच्या सोयीलाच आधी जातो. भुकेवर याहून खरं दृश्य मी कुठल्याही गंभीर चित्रपटात पाहिलेलं नाही.

१९५१ च्या ‘ग्वार्दिए ए लाद्री’त तो भुरटा चोर आहे आणि आल्दो फाब्रित्सी त्याच्या मागावरचा जाडजूड पोलीस. पाठलाग करता करता दोघांनाही धाप लागते. शेवटी पोलिसालाच त्याला पकडवत नाही, तेव्हा चोर त्याला तुरुंगाकडे ओढत नेतो. पडद्यावर येण्यापूर्वी या चित्रपटाला सेन्सॉरने त्रास दिला. पुढे १९५२ च्या कान महोत्सवात पटकथेचं पारितोषिक त्यालाच मिळालं, आणि तोतोला इटलीत अभिनयाचा ‘नास्त्रो दार्जेंतो’, म्हणजे तिथल्या चित्रपट-पत्रकारांचा पुरस्कार. म्हणजे पाझोलिनी येण्याच्या कितीतरी आधी गुण दिसत होता. पण बहुतेक समीक्षकांनी त्याच्या चित्रपटांना बाजारू म्हणून बाजूला सारलं, कारण ते आठवड्यांच्या हिशेबात उरकले जात, कथा कच्ची असे आणि हॉल भरलेले असत. कथा कच्ची होती हे मलाही मान्य आहे. नट कच्चा नव्हता.

आता डोळ्यांविषयी, कारण हे बऱ्याच रसिकांनाही ठाऊक नसतं. त्याचा एक डोळा आधीच निकामी झाला होता. १९५७ साली रेव्ह्यूच्या दौऱ्यात त्याला न्यूमोनियाने गाठलं. डॉक्टर विश्रांती घ्या म्हणत असताना तो रंगमंचावर परतला आणि पालेर्मोत चालू प्रयोगात त्याला दिसेनासं झालं. सोबत काम करणारी त्याची जोडीदार फ्रांका फाल्दीनी हिला त्याने हळूच तेवढं सांगितलं आणि प्रयोग पार पाडला. त्यानंतर नजर जेमतेम कडेकडेची राहिली. सेटवर तो काळा चष्मा घालून बसायचा, कॅमेरा सुरू होताना चष्मा काढायचा आणि ठरल्या जागी बरोबर पोचायचा. डबिंगला पडदा दिसत नाही म्हणून काही ठिकाणी कार्लो क्रोकोलो या नटाने त्याला आवाज दिला. दिग्दर्शक मोनिचेल्लीच्या ‘ई सोलिती इन्योती’त गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांच्या गर्दीत नवशिक्या चोरांना तिजोरी फोडायचे धडे देणारा तो गुरुजी आठवतो ना? तो चित्रपट १९५८ चा. लेखात त्या चित्रपटाचं कौतुक आहे, पण त्या गुरुजीचं नाव नाही.

पाझोलिनीचं ऋण मी नाकारत नाही. ‘उच्चेल्लाची ए उच्चेल्लिनी’तल्या कामाची १९६६ मध्ये कानला खास दखल घेतली गेली, ती योग्यच होती. त्याच्याबरोबरच्या शेवटच्या लघुपटात तर तोतो चक्क कळसूत्री बाहुलीच झाला आहे, हिरव्या तोंडाचा इयागो, म्हणजे शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’तला खलनायक. पाझोलिनीने या माणसाला घडवलं नाही. त्याने ते नेपल्सच्या थिएटरातलं बाहुलीपण ओळखलं, एवढंच. इटालियन नाटककार दारिओ फो यांनी तोतोच्या अभिनयावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांची नाटकं करणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींनी तरी हा नट अभ्यासायला हवा.

१५ एप्रिल १९६७ ला तो रोममध्ये गेला. अंत्यविधी तिथे झाला, मग नेपल्सला अफाट गर्दीत झाला, आणि पुढच्या महिन्यात सानितातल्या लोकांनी आपल्या वस्तीत तिसऱ्यांदा केला, शवपेटी रिकामी ठेवून. टीकाकारांनी त्याच्यावर गांभीर्याने लिहायला सुरुवात केली ती त्यानंतर.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. पुण्या-मुंबईच्या फिल्म सोसायट्यांनी इटालियन महोत्सव करताना तोतोचे १९५१ आणि १९५४ चे वर दिलेले दोन चित्रपट आधी दाखवावेत, पाझोलिनी मग. जोडीला १९५६ चा ‘तोतो, पेप्पिनो ए ला मालाफेम्मिना’ही घ्यावा. त्यात तो पेप्पिनो दे फिलिप्पोला पत्र सांगतो आणि कुणी कंजूष म्हणू नये म्हणून विरामचिन्हांची खैरात करतो. त्या प्रसंगाला कुणी आपल्या कोकणी किंवा वऱ्हाडी बोलीत सबटायटल्स केली तर सभागृह डोक्यावर घेईल. आणि आपल्याकडे ही लेखमाला अजून चालू असेल, तर पुढच्या एखाद्या रविवारी तोतोवर स्वतंत्र पान द्यावं.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त मरीन इंजिनिअर, रत्नागिरी