निर्वासितांना शाळा आणि कामही हवे

महोदय,

निर्वासितांच्या बातम्यांत तंबू, धान्य, औषधे यांचा हिशेब असतो. त्यांच्या मनावर काय गुदरले, हे क्वचितच वाचायला मिळते. कोल्हापूरकरांनी तरी ते विचारायला हवे. इथल्या वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुतेक बायका आणि मुलेच होती. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने त्यांना पूर्व पोलंडमधल्या घरांतून उचलून मालगाड्यांतून सैबेरिया, कझाकस्तानात नेले. उपासमारीने, रोगराईने कितीतरी माणसे गेली. उरलेल्यांतले काही इराणमार्गे भारतात पोहोचले.

वळिवड्यात त्यांच्यासाठी पोलिश भाषेतून शाळा भरत. चर्च होते, स्काऊटची पथके होती, नाटके बसवली जात. शिकवणारेही त्यांच्यातलेच. सगळे गमावलेल्या बाईला रोज सकाळी वर्गावर जायचे असते, मुले तिची वाट पाहत असतात, तेव्हा ती तग धरते. ते युरोपीय होते आणि ब्रिटिशांचे मित्र होते म्हणून त्यांना हे मिळाले, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. म्हणून इतरांची गरज कमी ठरत नाही.

ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात आले. गावे जळताना, घरची माणसे मारली जाताना पाहून आलेले हे लोक आज कॉक्स बाजारच्या छावण्यांत अडकले आहेत. रीतसर नोकरी करायची परवानगी नाही, बाहेर मोकळेपणी जाता येत नाही, मुलांना बांगलादेशच्या शाळांत प्रवेश नाही. बांगलादेशावरचा भार मोठा आहे, हे मान्य. पण दिवसभर रिकामे बसलेल्या माणसाला रात्री तीच आग दिसणार. समुपदेशक नेमले, तरी बाहेर पडल्यावर त्या माणसापुढे पुन्हा तोच रिकामा दिवस असतो. आणि परतायचे कुठे? म्यानमारच्या १९८२ च्या कायद्याने बहुतेक रोहिंग्यांना नागरिकच मानलेले नाही.

भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही आपल्याकडे नाही. तो व्हावा. त्यात मुलांची शाळा, मोठ्यांना कामाची परवानगी आणि त्यांच्या भाषेत बोलणाऱ्यांकडून मानसिक उपचार हे हक्क म्हणून लिहिलेले असावेत. कोल्हापूरच्या खासदारांनी ही मागणी संसदेत मांडावी, अशी माझी विनंती आहे.

— एक वाचक, कोल्हापूर