पुस्तकांच्या पार्सलबरोबर

वडगाव, बेळगाव

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, सध्या काय वाचतेस?" मी सांगायला लागले आणि तुझी मीटिंग आली. म्हणून लिहायला बसलेय. सकाळपासून लाइट नाही, त्यामुळं शेजारचे माग बंद आहेत. पाऊस तेवढा वाजतोय. वडगावात एवढी शांतता कधी मिळते, सांग.

पार्सलमध्ये सगळ्यात वर 'वनवास' ठेवलंय. प्रकाश संतांचं. 1994 साली ते आलं तेव्हा तू पहिलीत होतास. मी नोकरी, घर, तुझ्या आज्जीचं आजारपण यात होते, आणि ते वाचायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. आता दोन महिन्यांत दोनदा वाचलं. लंपन नावाचा पोरगा आई-बाबांना सोडून आज्जी-आजोबांच्या घरी राहायला येतो, एवढीच गोष्ट. पण ते गाव आपलं आहे रे. त्याच्या एका मित्राचं नाव कणबर्गी गंग्या. हे नाव वाचलं आणि मी पुस्तक मांडीवर ठेवून थोडा वेळ नुसती बसले. कणबर्गी म्हणजे आपल्याला रिक्षानं जायचं ठिकाण, ते असं पुस्तकात, पोराच्या नावाला चिकटून येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

तुला आठवतं का, पुण्याला कॉलेजात गेलास त्या पहिल्या वर्षी तू दिवाळीला आलास. दारातून मी विचारलं, "चहा घेणार काय?" आणि तू म्हणालास, "घेतो ना." त्याआधी तू "घेतो की" म्हणायचास. रात्री जेवताना हळूच सांगितलंस की रूमवरची मुलं तुझ्या "येऊलो, जाऊलो"वर हसतात, कानडी हेल म्हणून चिडवतात. मी तेव्हा काही बोलले नाही. उलट मला वाटलं, बरंच आहे, पोरगा सुधारेल. त्याचं आज मला फार वाईट वाटतं. तेव्हा हे पुस्तक आपल्या कपाटात असतं तर मी तुझ्या हातात दिलं असतं. मराठी बोलता बोलता मध्येच कन्नड येणं, पोरांचं एकमेकांना तसं हाक मारणं, हे सगळं संतांनी जसंच्या तसं ठेवलंय. कुठं धुऊन-पुसून घेतलं नाही. आणि महाराष्ट्रभर लोकांनी ते डोक्यावर घेतलं. लिहिणारा माणूस कऱ्हाडला भूगर्भशास्त्र शिकवणारा प्राध्यापक, इंदिरा संतांचा मुलगा. 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' ही लंपनची पुढची पुस्तकं, पण आधी 'वनवास'च वाच. क्रम मोडू नकोस.

इंदिराबाईंची 'मालनगाथा'ही घातलीय. बायकांनी जात्यावर म्हटलेल्या ओव्या त्यांनी गोळा केल्या, त्याचे दोन भाग आहेत. हे सलग वाचायचं पुस्तक नाही. मी पेन्सिल घेऊन बसते, निपाणीत माझ्या आईच्या तोंडची ओवी दिसली की समासात बारीक रेघ मारते. आतापर्यंत अकरा सापडल्या. त्या रेघा पुसू नकोस.

निपाणीवरून महादेव मोरेंचं सांगते. निपाणीचाच माणूस, पिठाची गिरणी चालवायचा आणि कथा-कादंबऱ्या लिहायचा. तंबाखूच्या वखारीतल्या बायका, ट्रकवाले, गॅरेजमधली पोरं, ही त्याची माणसं. माझी मावशी वखारीत तंबाखू चाळायला जायची. तोंडाला पदर बांधून जायची, संध्याकाळी आली की तिच्या केसांत, पापण्यांवर ती तपकिरी भुकटी असायची आणि जेवताना खोकला थांबायचा नाही. आम्ही पोरं तिच्याजवळ झोपायला नको म्हणायचो. मोऱ्यांच्या कथा वाचताना मला तो वास आला. सगळ्या कथा सारख्या उतरल्यात असं नाही, काही फार लांबल्यात. तरी त्या बायकांबद्दल दुसऱ्या कुणी इतकं लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

आता ज्याच्यासाठी खरं हे पत्र लिहितेय ते पुस्तक. 'डोंगराएवढा'. शिवराम कारंतांची कन्नड कादंबरी, मूळ नाव 'बेट्टद जीव', मराठी केलंय उमा कुलकर्णींनी. उमाताईंचा जन्म बेळगावचा. पुण्यात त्यांचे यजमान विरूपाक्ष कन्नड वाचून दाखवायचे आणि त्या ऐकून मराठीत उतरवायच्या. हे कळलं तेव्हा मला तुझे बाबा आठवले. मला कन्नड बोलता येतं पण वाचताना अक्षर अडतं, म्हणून ते रोज सकाळी पायरीवर बसून मला कन्नड पेपर वाचून दाखवायचे, पुढ्यात मी भाजी निवडत असायची. त्यांनीही मला एखादी कादंबरी अशी वाचून दाखवली असती. मीच कधी म्हटलं नाही.

गोष्ट घाटातली आहे, सुब्रह्मण्याच्या बाजूच्या दाट रानातली. वाट चुकलेला एक प्रवासी गोपालय्या आणि शंकरम्मा या म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी येतो. ते त्याला जाऊच देत नाहीत. आज राहा, उद्या राहा. खायला घालतात, आंघोळीला कढत पाणी काढतात, सुपारीची बाग दाखवतात. हळूहळू त्याच्या लक्षात येतं की यांचा मुलगा घर सोडून गेलाय. गोपालय्या बोलत राहतो, रानाबद्दल, कामाबद्दल, आणि त्या बोलण्याखाली ते दुःख दाबून ठेवतो. शंकरम्माला तेवढंही जमत नाही. कारंतांनी कुठंही मोठ्यानं रडारड केलेली नाही.

मे महिन्यात एका रात्री साडेदहाला मी तुला फोन केला होता, आठवतं? तू घाबरलास, काय झालं म्हणालास. मी म्हटलं, काही नाही रे, सहज. हे पुस्तक तेव्हाच मिटलं होतं.

तू गेलास ते शिकायला गेलास, रागावून नव्हे, आणि दर रविवारी फोन करतोस. तुझ्यावर माझा काही बोल नाही. पण तुझ्या खोलीत पाहुणा झोपला की मीसुद्धा त्याला दोनदा विचारते, अजून एक पांघरूण देऊ काय. शंकरम्मा वाचल्यावर हे माझ्या लक्षात आलं, आणि ते तुला सांगावंसं वाटलं.

ही प्रत मात्र पार्सलमध्ये नाही. ती गणपत गल्लीतल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयाची आहे आणि शनिवारी परत द्यायची आहे. 1848 सालचं वाचनालय ते, माझ्याकडून तिथं आजवर एक दिवस उशीर झालेला नाही. तू अप्पा बळवंत चौकात विचार, मिळेल. एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरीही आणली होती, सगळे वाच वाच म्हणत होते, पण निम्म्यावर सोडली. पानोपानी तलवारी आणि एकही माणूस नीट दिसेना. तिचं नाव कशाला लिहू.

पार्सल रात्रीच्या बसनं येतंय, सकाळी स्वारगेटला उतरवून घे. चिमीला रोज झोपताना 'वनवास'चं थोडं थोडं वाचून दाखव. तिला कन्नड शब्द कळणार नाहीत, ते तू सांग, तुला येतात. आणि लंपनचं बोलणं शुद्ध करून वाचू नकोस, जसं छापलंय तसंच वाच.

कुंदा वेगळ्या डब्यात घातलाय, पुस्तकांना तूप लागू नये म्हणून. सूनबाईंना आशीर्वाद.

तुझी,
आई