शालेय शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र : आम्हाला विषयाचं प्रशिक्षण द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूर जिल्ह्यात, राधानगरी तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये नववी-दहावीला गणित आणि विज्ञान शिकवतो. नवा अभ्यासक्रम पहिलीपासून टप्प्याटप्प्यानं वर सरकतोय, नववी-दहावीची पुस्तकं अजून व्हायची आहेत, म्हणून आत्ताच लिहितोय. पुस्तक छापून हातात पडलं की मग बोलण्यात अर्थ नसतो.

आधी प्रशिक्षणाबद्दल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 सांगतं की प्रत्येक शिक्षकाला व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान 50 तास मिळावेत, आणि तेही त्याच्या गरजेनुसार, आवडीनुसार. आमच्या वाट्याला काय येतं? सकाळी सही, दीपप्रज्वलन, मान्यवरांची मनोगतं, मग धोरणावरची पीपीटी. जेवण चांगलं असतं, खोटं कशाला बोलू. दुपारी गटचर्चा, बॅनरपुढं फोटो, लिंकवर अभिप्राय आणि प्रमाणपत्र. ऑनलाइन असेल तर मोबाईलवर व्हिडिओ सुरू करून बाजूला ठेवायचा आणि वह्या तपासायच्या. 'अध्ययन निष्पत्ती' (शिकून झाल्यावर पोराला काय यायला हवं ते) हा शब्द दिवसभर कानावर पडतो, पण ऋण गुणिले ऋण धन का होतं हे पोराला कसं पटवायचं, यावर दहा मिनिटंही कुणी बोलत नाही.

आणि हे बोलायची गरज आहे. संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे हे सरकार मंजूर करतं त्यात, पदं पटावरून ठरतात. लहान शाळेत गणित आणि विज्ञान मिळून एकच माणूस येतो. वनस्पतीशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या मॅडमना भूमिती शिकवावी लागते, गणित घेतलेल्या सरांना पेशीविभाजन. दोघंही प्रामाणिक आहेत, पण आदल्या रात्री गाईड वाचून वर्गात उभं राहणं किती दिवस चालणार?

दहावीचा भिंगांचा धडा घ्या. चिन्हसंकेत, म्हणजे कुठल्या अंतराला अधिक आणि कुठल्या अंतराला उणे, पाठ करून पोरं वस्तूच्या अंतराला उणे लावतात, सूत्रात घालतात, उत्तर काढतात. "सर, हे पेपराला येतंय न्हवं?" एवढाच प्रश्न. तेच बहिर्गोल भिंग हातात देऊन खिडकीसमोरच्या भिंतीपाशी उभं केलं, तर बाहेरचं नारळाचं झाड भिंतीवर उलटं उमटतं. प्रतिमा स्पष्ट होईपर्यंत भिंग मागंपुढं करायचं आणि भिंत ते भिंग हे अंतर फूटपट्टीनं मोजायचं. झाड लांब असेल तर तेच जवळपास भिंगाचं नाभीय अंतर. पाच मिनिटांचं काम आहे. पण भिंग कपाटात, आणि प्रयोगशाळा सहायक निवृत्त झाल्यापासून जागा रिकामी. मग प्रयोगवही मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरते आणि अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण सरसकट पडतात. हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे, तुमच्या खात्यालाही.

2024 साली अभ्यासक्रम आराखड्याच्या निमित्तानं गणित-विज्ञानात 35 ऐवजी 20 गुणांवर शेरा मारून पुढं पाठवण्याचा प्रस्ताव चर्चेत आला होता. नापासाचा शिक्का बसून शाळा सुटणारी पोरं मी पाहिली आहेत, त्यामुळं मी त्याला सरसकट विरोध करणार नाही. पण पंधरा गुणांची सूट देणं फुकटात होतं, शिकवणं सुधारायला पैसा आणि माणसं लागतात. सोपं ते आधी सुचलं, एवढंच म्हणतो.

आता अभ्यासक्रमाचं. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव आमच्या प्रत्येक पोराला माहीत आहे. 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी, मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत जातात. याच तारखांना का? 21 डिसेंबरच्या सुमारास सूर्य सगळ्यात दक्षिणेला असतो. 10 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर 41 दिवस होतात, 21 डिसेंबर ते 1 फेब्रुवारी 42. सूर्य दक्षिणेकडं जाताना एकदा त्या दिशेला मावळतो आणि उत्तरायणात परत फिरताना पुन्हा एकदा. कॅलेंडर घेऊन पोरांनी हे दिवस स्वतः मोजले की वर्गात जो गलका होतो, तो कुठल्या पीपीटीनं होत नाही. वाटेत इमारत आली तर किरणं का अडतात, किती उंचीची इमारत अडवेल, हा प्रश्न थेट त्रिकोणमितीत नेतो. दहावीच्या पुस्तकात उन्नत कोन (वर बघताना नजर आडव्या रेषेशी करते तो) आहेच. तिथं मात्र कुणीतरी माणूस कुठल्यातरी मनोऱ्याकडं बघत असतो.

राधानगरी धरणाचंही तसंच. पाण्याची पातळी चढली की दाबानं आपोआप उघडणारे त्याचे सात दरवाजे बघायला पोरं पावसाळ्यात जातात. एका दरवाजातून 1428 क्युसेक पाणी सुटतं असं बातमीत येतं. सेकंदाला 1428 घनफूट म्हणजे साधारण 40 हजार लिटर. 10 हजार लिटरचा टँकर पाव सेकंदात भरेल. राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी रोज जाहीर होते, 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. जुलै-ऑगस्टच्या त्या आकड्यांचा आलेख काढणं हे सांख्यिकीच आहे. शिरोलीच्या फौंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, बाप कामाला असलेलं पोर धातुविज्ञानाचा धडा पाठ करतं आणि बापाला काही विचारत नाही, याचा दोष त्या पोराला देता येत नाही.

म्हणून मागणी अशी. नव्या पुस्तकात नववी-दहावीचे धडे थोडे कमी करा आणि मोकळ्या झालेल्या तासिका जिल्ह्यातल्या अशा कामासाठी राखा. अंतर्गत 20 गुणांपैकी निम्मे तरी त्यावर द्या, नाहीतर कुणी करणार नाही. त्या 50 तासांपैकी निम्मे तास शुद्ध विषयाचे असू देत : शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित विभागांत, प्रयोगशाळेत, हातानं प्रयोग करून. बाकीचे तालुक्यातल्या आठ-दहा शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून, एकमेकांचा तास बघून. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. त्या दिवशी आमच्यावर मतदार यादीचं किंवा माहिती भरण्याचं काम येणार नाही एवढी हमी लागते. आणि प्रयोगशाळा सहायकाच्या रिकाम्या जागा भरा. जिल्ह्यात अशा जागा किती, ही यादी शिक्षणाधिकाऱ्यांकडून मागवायला आपल्याला एक पत्र पुरेल.

पुढच्या प्रशिक्षणाचं वेळापत्रक काढण्याआधी विषय कोणते हवेत हे एकदा वर्गात शिकवणाऱ्यांना विचारा. अर्ज ऑनलाइन असला तरी चालेल, आम्ही भरू.

आपला,
एक गणित-विज्ञान शिक्षक
ता. राधानगरी, जि. कोल्हापूर