हिप्परग्याच्या काठावरून

सोलापूर,
फाल्गुन शुद्ध सप्तमी

प्रिय दिन्या,

तुझं पत्र परवाच मिळालं. शेजारच्या इमारतीचं काम रात्री अकरापर्यंत चालतं, धड झोप होत नाही, हे वाचून जीव कळवळला रे. आपण यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलो, पाढेही त्याच तालावर पाठ केले, म्हणून आपल्याला आवाज बाधत नाही असं मला वाटायचं. तसं नसतं. अण्णांकडे बघून कळतं. अडतीस वर्षं मागावर काढली, आता शेजारी बसून हाक मारली तरी त्यांना ऐकू जात नाही.

रविवारी पहाटे त्यांनाच घेऊन हिप्परग्याला गेलो. तुळजापूर रोडने गेलो, तळ्याजवळ गाडी लावली आणि काठाकाठानं चालू लागलो. हिप्परग्याचं हे तळं, एकरुख तलाव, म्हणजे आदिला नदीवर इंग्रजांनी 1871 साली पुरा केलेला बांध, आपल्याला शाळेत सांगितलेलं आठवतं? तेव्हा सहलीत नुसता दंगा केला, तळं बघितलंच नाही.

पहिला अर्धा तास माझ्या कानात मागच चालू होता. मग हळूहळू तो थांबला आणि कडुलिंबाचं पिकलं पान जमिनीवर पडताना ऐकू आलं. खरंच सांगतो, एकेक पान. वर फांद्यांच्या टोकांना तांबूस पालवी फुटलीय, इतकी कोवळी की उन्हात आरपार दिसते.

काठाच्या बाभळींवर भोरड्यांची वस्ती होती. उजाडलं तशी तिथं कुजबुज वाढली, आणि एकदम हजारो पाखरं उठून आमच्या डोक्यावरून गेली. अण्णा थबकले. वर बघत म्हणाले, "पाऊस आला का रे?"

दिन्या, त्यांना ऐकू आलं होतं! पंखांचा तो सळसळाट त्यांच्या कानापर्यंत पोचला होता. मी काही बोललो नाही, नुसता हात धरून उभा राहिलो.

पुढं बांधावर एकच पळस होता, पानं झडून नुसता केशरी. त्यातलीच पाच-पंचवीस पाखरं तिथं येऊन बसली. यांना पळसमैना का म्हणतात ते तिथं कळलं. अंग गुलाबी, डोकं काळं. फुलात चोच खुपसून मध प्यायची आणि वर आली की कपाळावर परागांचा पिवळा टिळा. तोच टिळा घेऊन दुसऱ्या फुलावर. पलीकडे शाळूची काढणी चालू होती. बायका ताटं उपटून पेंढ्या टाकत होत्या. याच पाखरांनी दाणे खाल्ले म्हणून त्या बोल लावत होत्या. पण हीच पाखरं टोळही फस्त करतात, म्हणून मला त्यांचा राग येत नाही.

तिथंच बसून भाकरी, शेंगाचटणी खाल्ली. अण्णा तासभर आभाळाकडे बघत होते.

एप्रिल सरेपर्यंत भोरड्या मध्य आशियाकडे परततात, तिथंच त्यांची वीण होते. पळस त्याआधीच झडेल. म्हणून पाडव्याची वाट बघू नकोस. शनिवारी रात्रीच्या गाडीनं ये, पहाटे स्टेशनवर मी असेन. अण्णांना सांगून ठेवलंय, मोठ्यानं.

तुझा,
बाळू