‘सावधान’च्या आधी गेलेलं चित्र

डेट्रॉईट,
रविवार, रात्री

ती. आई-बाबांस सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही एवढंच म्हणालात, “पाचवं मंगलाष्टक चालू होतं आणि चित्र गेलं.” मग आईने फोन ओढून घेतला आणि विहिणीकडच्यांनी मानपान कसा केला ते विचारायला लागली. चित्र गेलं ती चूक माझी. मला लग्नात कामं दोनच होती. मामा म्हणून मुक्ताला बोहल्यावर आणायचं आणि फोनवरून तुम्हाला सगळं दाखवायचं. चार्जर आठव्या मजल्यावरच्या खोलीत राहिला, आणि दुसरं काम अर्धवट झालं.

म्हणून हे पत्र. फोनवर बाबांना निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं आई आपल्या मनाने भरून सांगते. खालच्या दुकानातून मोठ्या अक्षरात छापून घ्या.

आधी हॉटेलबद्दल, कारण मुलगा काय करतो हे विचारायच्या आधी बाबांनी ‘लग्न त्या पामर हाऊसमध्येच का’ हे विचारलं होतं. शिकागोच्या ऐन मध्यात, स्टेट स्ट्रीट आणि वाबॅश यांच्या मधे ते उभं आहे. पंचवीस मजले, सोळाशेच्या वर खोल्या. वाबॅशच्या बाजूला लोखंडी खांबांवरून आगगाडी जाते, पहिल्या मजल्याच्या उंचीवरून, अशी खडखडत की मला मिरजेच्या फलाटावर झोपल्यासारखं वाटलं. आत्ताची इमारत १९२०च्या दशकातली. धंदा बंद पडू नये म्हणून ती टप्प्याटप्प्याने बांधली. एका बाजूला पाडापाडी आणि दुसऱ्या बाजूला पाहुणे चहा पीत बसलेले. आपण वाड्याची एक भिंत काढली तेव्हा सहा महिने मावशीकडे राहिलो होतो, आठवतं ना?

पण खरी गोष्ट त्या आधीच्या हॉटेलची. पॉटर पामर नावाचा व्यापारी होता, कापडचोपडाच्या धंद्यात आणि पुढे जमिनींत पैसा केलेला. १८७० साली, चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याने बर्था नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलीशी लग्न केलं आणि लग्नाची भेट म्हणून तिच्यासाठी हॉटेल बांधलं. २६ सप्टेंबर १८७१ला ते उघडलं. ८ ऑक्टोबरच्या रात्री शिकागोला ती प्रसिद्ध आग लागली. सुमारे तीनशे माणसं गेली, लाखभर लोकांची घरं गेली, आणि पामरचं नवंकोरं हॉटेलही. उघडून तेराच दिवस झाले होते. (आई, माहीत आहे तू काय म्हणशील ते. तेरा दिवसांचं मी ताईला लग्न पार पडेपर्यंत सांगितलं नाही.) पामर तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा. एखादा घरी बसला असता. त्याने कर्ज काढलं, पुन्हा बांधलं, आणि या वेळी जाहिरात काय केली, तर आमच्या हॉटेलला आग लागूच शकत नाही.

बाबा, आपल्या मुंबईत जन्मलेला किपलिंग १८८९ साली तिथे उतरला होता. त्याला ते मुळीच आवडलं नव्हतं. भपका फार. मला विचाराल तर भपका आहेच, पण निगा राखलेला भपका आहे. लॉबीच्या छतावर फ्रेंच चित्रकाराने ग्रीक देवदेवता रंगवल्यात. मान वर करून बघता बघता माझा फेटा मागे पडला. पितळी दारांवर मोर आहेत. तुझ्या पैठणीच्या पदरावरचे मोर नाचरे असतात आई, हे जरा ताठ, साहेबी.

आता होमाचं. अशा हॉटेलात विस्तव पेटवायचा म्हणजे केवढी तयारी! इथे बंद दालनात होम करायचा तर आधी परवानगी लागते, धुराची सूचना देणारी यंत्रं त्या दालनापुरती तेवढा वेळ बंद करावी लागतात, आणि तेवढा वेळ आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन एक माणूस उभा राहतो. आमचा माणूस साठीचा होता, काळा कोट, पांढऱ्या मिशा, हात पाठीशी. होमकुंड आपल्या भाकरीच्या तव्याएवढं. गुरुजी समिधा मोजून घालत होते आणि तुपाची धार पळीऐवजी चमच्याने. तरी ज्वाळा वीतभर वर गेली की तो माणूस अर्धं पाऊल पुढे यायचा आणि खाली आली की अर्धं मागे. सप्तपदीत नवरानवरी सात पावलं चालली, हा चौदा चालला असेल.

झालीतल्या दिव्यांना मात्र परवानगी मिळाली नाही. डोक्यावर टोपली, त्यात पेटते दिवे, आणि खाली सासूबाईंचे फवारा मारून बसवलेले केस! इथल्या लोकांचंही चूक म्हणवत नाही. ताईने बॅटरीवरचे दिवे आणले होते. ते लुकलुकतात पण तापत नाहीत. दाजी म्हणाले, बाबांना सांगू नकोस. सांगितलं.

आई, तुझ्या पेटीबद्दल. मे महिन्यात साताऱ्याहून निघताना तू दिलेली पेटी मी इथे विमानतळावर उघडून दाखवली. मुंडावळ्या, हळकुंडं, सुपाऱ्या, खण, अष्टपुत्री, सगळं नीट आलं. फक्त अक्षतांचे तांदूळ काढून घेतले. भारतातून प्रवाशाने तांदूळ आणायला इकडे बंदी आहे, खपऱ्यामुळे. खपरा म्हणजे तोच, आपल्या कणगीत होतो तो भुंगा. तो इकडच्या कोठारांत शिरला तर घालवणं फार अवघड, म्हणून हे लोक त्याला वाघासारखे घाबरतात. तेव्हा तांदूळ शिकागोच्या डेव्हॉन अव्हेन्यूवरचे, पण कुंकू तुझंच. ताईने आदल्या रात्री ते तांदूळ हॉटेलच्या खोलीत हाताला लावून लावून रंगवले, आणि खाली वर्तमानपत्र घालायला चार वेळा बजावलं, कारण गालिचा हॉटेलचा. तिच्या तळहाताचं कुंकू लग्नाच्या रिसेप्शनपर्यंत निघालं नव्हतं.

गौरीहर खोलीतल्या लिहायच्या टेबलावर मांडला. दिवा काढून ठेवला, टेलिफोन पलंगाखाली. दोन भिंतींच्या कोपऱ्यात अन्नपूर्णा, पुढे तांदळाची रास, आणि अष्टपुत्री नेसलेली मुक्ता. सकाळी सव्वादहाला मी न्यायला गेलो तेव्हा ती गौरीहराचा जप म्हणायचं विसरून खिडकीतून गाडी बघत होती. मी म्हटलं, “चल.” ती म्हणाली, “मामा, आजीला आधी साडी दाखव.” तेव्हा फोन चालू होता, ते तुम्ही पाहिलंत. लिफ्टमध्ये चित्र गोठलं, तेही पाहिलंत म्हणे. त्यानंतर लॉबी आली. हॉटेल आमच्या एकट्याचं थोडंच होतं! छत बघायला आलेले प्रवासी, कॉफी पिणारे, कुठल्याशा परिषदेचे गळ्यात पट्टे घातलेले लोक. पिवळ्या साडीतली नवरी आणि तिचा हात धरलेला फेटेवाला मामा बघून सगळे आपोआप बाजूला झाले. छत सोडून माणसं आमच्याकडे बघायला लागली. देवदेवतांना वाईट वाटलं असेल.

दालनाचं नाव एम्पायर रूम. १९३३पासून चाळीसेक वर्षं तिथे रात्री गाण्याबजावण्याचे कार्यक्रम व्हायचे. आता तिथे आमचे गुरुजी, मागे सनई, तीही यंत्रातली.

मुहूर्त दहा बेचाळीसचा. म्हणजे तुमच्याकडे रात्रीचे नऊ बारा. आईने म्हणे इस्त्रीची साडी नेसून, बाबांना टोपी घालायला लावून फोनसमोर बसवलं होतं. ते मला नंतर कळलं, आणि कळलं ते बरं झालं नाही.

फोन मी पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर उभा करून ठेवला होता. शेजारच्या चाकांच्या खुर्चीत नवऱ्यामुलाची, डॅनियलची, आजी. शहाऐंशी वर्षांची, मिलवॉकीहून आलेली. अक्षता कधी टाकायच्या हे तिला ताईच्या मैत्रिणीने समजावलं होतं, “सावधान म्हटलं की.” पण म्हातारीला दम कुठला! पहिल्या ओळीपासून चिमूट चिमूट उडवत होती, आणि त्यातल्या बऱ्याचशा त्या नळकांडेवाल्याच्या कोटावर. तोही झटकत नव्हता.

डॅनियलला मी आदल्या दिवशी रामदासांची गोष्ट सांगितली होती. बारा वर्षांचा नारायण ‘सावधान’ ऐकलं आणि बोहल्यावरून पळाला. आमच्या घराच्या गच्चीवरून दिसतो तो सज्जनगड त्यांचाच, हेही सांगितलं. त्याने ते फारच मनावर घेतलं. अंतरपाटाच्या पलीकडून गुरुजींनी पहिलं ‘सावधान’ म्हटल्याबरोबर त्याने मान काढून मला विचारलं, “आता पळायचं का?” मुक्ता हसली. मग सगळे हसले. हे तुम्ही ऐकलं असणार, कारण चित्र पाचव्याला गेलं.

पाचव्यानंतरचं सांगतो. सहावं दाजींच्या बहिणीने म्हटलं, कागदावर बघून, आणि मधेच चाल विसरली. सातवं ताईने म्हणायचं ठरलं होतं. तिने सुरुवात केली. बाबा, ते तुम्ही तिच्या लग्नासाठी लिहिलेलं होतं, ‘कृष्णा वाहे संथ’ आहे त्यातलं. तिने फक्त नावं बदलली होती. दुसऱ्या ओळीला तिचा आवाज गेला. कोणी पुढे होईना, कारण ते कोणालाच पाठ नव्हतं. मला होतं. लहानपणी तुम्ही तालासाठी माझ्या पाठीवर बोटं वाजवत ते रचलंत. मी मुक्ताच्या मागे उभा होतो, तिथूनच म्हटलं. माझा सूर तुम्हाला माहीत आहे. डॅनियलच्या काकांना वाटलं, मामाने मोठ्याने म्हणणं हाही विधीच असतो.

मग ‘तदेव लग्नं’, अंतरपाट उत्तरेला निघाला, हार पडले, आणि अक्षतांचा पाऊस. त्या गर्दीत तो नळकांडेवाला तेवढा अजून सावध होता.

आणि तेव्हा माझं लक्ष पहिल्या रांगेकडे गेलं. खुर्चीवर फोन नव्हता. फोन डॅनियलच्या आजींच्या हातात होता. कोणाचा तरी धक्का लागून तो आडवा पडला असावा. त्यांनी तो उचलून, रुमालाने पुसून, दोन्ही हातांत छातीशी उभा धरला होता, काच बोहल्याकडे करून. हात थरथरत होते म्हणून कोपरं खुर्चीच्या दांड्यांवर टेकवली होती. कन्यादान संपेपर्यंत त्या तशाच बसल्या. अक्षता टाकणंही त्यांनी सोडून दिलं होतं. मी जवळ जाऊन पाहिलं तर फोन बंद. कधीचाच बंद.

त्या म्हणाल्या, “तुझ्या आईवडिलांना सगळं दिसलं ना? मी सरळ धरला होता.”

मी हो म्हटलं. आई, तू त्यांना कधी भेटलीस तर तूही हो म्हण.

बाकीचं भराभर. कानपिळीला आमच्या चिरंजीवांनी डॅनियलचा कान खराखुरा पिळला, लाल झाला. जेवण डेव्हॉनवरच्या महाराजाचं. मसालेभात चांगला, जिलबी चिवट, मठ्ठा उत्तम. विहीणबाईंनी उखाणा घेतला, मुक्ताने इंग्रजी अक्षरांत लिहून दिलेला, आणि नवऱ्याचं नाव घ्यायच्या जागी चुकून व्याह्यांचं घेतलं. दाजी अजून लाजताहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा चालत निघालो. हॉटेलपासून पाच मिनिटांवर आर्ट इन्स्टिट्यूट आहे. ११ सप्टेंबर १८९३ला सर्वधर्मपरिषदेत विवेकानंदांनी भाषण केलं ते याच इमारतीत. ते सभागृह आता राहिलेलं नाही, इमारत आहे, दारात हिरवे पडलेले दोन काशाचे सिंह आहेत, आणि समोरच्या रस्त्याला विवेकानंदांच्या नावाची पाटी आहे. बाबा, त्याच परिषदेत मुंबईचे बी. बी. नागरकर ब्राह्मसमाजातर्फे बोलले होते. त्यांची पाटी मी शोधली. नाही. तुम्ही असतात तर तिथेच उभ्याउभ्या अर्धा तास चिडला असतात. तुमच्या वतीने मी पाच मिनिटं चिडलो.

त्याच वर्षी शिकागोत भरलेल्या जागतिक प्रदर्शनात बर्था पामर बायकांच्या मंडळाची अध्यक्ष होती. बायकांना डब्यातून नेता येईल, केकच्या तुकड्याहून लहान, असं काहीतरी गोड करा, असं तिने हॉटेलच्या स्वयंपाकघराला सांगितलं. त्यातून ब्राउनी निघाली असं हॉटेलवाले सांगतात. अजून करतात, अक्रोड घालून, वरून जर्दाळूच्या पाकाची चकाकी. आई, चव सांगायची तर फुगायचं विसरलेला केक, पण चांगला. मी दोन खाल्ल्या. बाबांनी हे वाक्य वाचू नये, त्यांच्या साखरेची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे.

अष्टपुत्रीच्या निऱ्यांवर तुपाचा एक थेंब उडालाय. ताईला धुवायला द्यायची नाहीये. तू काय करतेस अशा वेळी, शिकेकाई की नुसतं पीठ चोळायचं? तिला फोन करून सांग.

दिवाळीत मुक्ता आणि डॅनियल साताऱ्याला येताहेत, आठ दिवस. माडीवरची खोली झाडून ठेवा, पण नवी गादी वगैरे काही करू नका. त्याला कंदी पेढे आणि सज्जनगड एवढंच हवंय. बाबा, गुडघे बघून गडावर जायचं की नाही ते ठरवा, नाहीतर खालूनच दाखवा. त्याला तुमच्याकडून ऐकायचंय की पळालेल्या त्या मुलाचं पुढे काय झालं. मी सांगायला लागलो तर म्हणाला, राहू दे, आजोबांकडून ऐकतो.

तुमचा,
मिलिंद

ता. क. : सातवं मंगलाष्टक मला पाठ होतं हे खरं, पण तिसरी ओळ मी माझ्या मनाने घातली. मूळ ओळ काय होती?