वस्तीवरचा गिझर आणि मीटरवरचे तीन आकडे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. नवाकोरा गिझर बसवूनही पाणी तापत नाही, म्हणून दुकानदार स्टॅबिलायझर, म्हणजे कमी पडलेलं व्होल्टेज वाढवून देणारा डबा, गळ्यात मारतोय, असं लिहिलं आहेस. कृपा करून तो घेऊ नकोस. तू पाठवलेल्या आकड्यांतच सगळं उत्तर आहे आणि ते स्टॅबिलायझरच्या बरोबर उलट दिशेला जातं.

तुझे आकडे असे: रस्त्याकडेच्या मीटरपाशी गिझर चालू असो की बंद, 225 व्होल्ट. घरातल्या बोर्डावर गिझर बंद असताना तेवढेच, चालू केल्यावर 195. आणि करंट 7.4 अँपिअर. (क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती अडकवून करंट मोजायचा चिमटा, एकट्या फेजच्या तारेभोवती लावलास हे उत्तम केलंस. फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्यात अडकवल्या असत्यास तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडून मीटरने शून्य दाखवलं असतं.)

आधी गिझर बघू. व्होल्टेजला करंटने भागलं की रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, मिळतो; तो ओहममध्ये मोजतात: 195 भागिले 7.4, म्हणजे साधारण 26.4 ओहम. आता गिझरवरची पट्टी वाच, 230 व्होल्ट, 2000 वॉट. वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. त्यात अँपिअरच्या जागी व्होल्ट भागिले रोध घातलं की रोध निघतो 230 चा वर्ग भागिले 2000, म्हणजे 26.45. दोन्ही आकडे जुळले. गिझर ठणठणीत आहे, दुकानात परत नेऊ नकोस. (बल्बचा रोध मात्र असा, पेटलेला असतानाच काढायचा. फिलामेंटचा थंडपणी मोजलेला रोध कितीतरी कमी भरतो. गिझरच्या एलिमेंटची तार तापली तरी फारशी बदलत नाही.)

मग पाणी का तापत नाही? 195 गुणिले 7.4 कर, 1443 वॉट. व्होल्टेज पंधरा टक्के कमी, पण उष्णता जवळजवळ अठ्ठावीस टक्के कमी, कारण व्होल्टेज घटलं की करंटही घटतो आणि गुणाकारात दोघांचा फटका बसतो. पंचवीस लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला 2000 वॉटला सव्वीस मिनिटं पुरतात, तुझ्याकडे छत्तीस लागतात. थंडीत त्याहून जास्त, पाणीच मुळात गार असतं.

बाकीचे 30 व्होल्ट वाटेतल्या वायरने खाल्ले. 30 भागिले 7.4, म्हणजे 4.05 ओहम. 30 गुणिले 7.4, म्हणजे 222 वॉट, गिझर चालू असेपर्यंत नुसते रान तापवायला जातात आणि मीटरमध्ये मोजलेही जातात.

आता नीट वाच, कारण मला खरी काळजी इथे वाटते. तुझी वायर अडीच चौरस मिलिमीटरची अॅल्युमिनियमची आहे. तिचा रोध शंभर मीटरला साधारण 1.13 ओहम. मीटर ते घर दीडशे मीटर, जाऊन-येऊन तीनशे, म्हणजे 3.4 ओहम. उरलेले 0.65 ओहम कुठे आहेत? मोजण्यात थोडं इकडेतिकडे धरलं तरी एवढा फरक पडणार नाही. विहिरीजवळच्या जोडावरची टेप काळी पडलीय असं तूच लिहिलं आहेस, म्हणजे ते बहुधा त्या जोडातच आहेत. करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे तिथे जवळपास 36 वॉट जळताहेत. रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंग आयर्न 25 वॉटची असते, सुहास, आणि तुझ्या जोडाखाली कडबा रचलेला असतो.

आता स्टॅबिलायझर लावून बघ, कागदावरच. तो गिझरला पुरे 230 व्होल्ट देईल, पण त्यासाठी वायरमधून 11.1 अँपिअर ओढेल. घरी पोचणारं व्होल्टेज 180 वर येईल, बाकीचे दिवे मंदावतील. वायरमधला नाश 222 वरून 500 वॉटवर जाईल आणि त्या एका जोडावर 80. स्टॅबिलायझर स्वतः खाईल ते वेगळंच.

दहा चौरस मिलिमीटरची अॅल्युमिनियमची वायर अखंड टाकून घे, मध्ये जोड नको. रोध 0.85 ओहमवर येईल, गिझरला 218 व्होल्ट आणि 1800 वॉट मिळतील, वाटेत जाईल फक्त 58 वॉट. वायर महाग वाटेल, पण तिच्यावर उद्या पिठाची गिरणी टाकायची म्हटलीस तरी आधी हाच हिशोब करता येईल.

व्होल्टेज, करंट आणि रोध यांचं हे नातं जॉर्ज ओहमने 1827 मध्ये छापलं. तो तेव्हा कोलोनमधला शाळामास्तर होता. बॅटरीचा जोर सारखा बदलायचा, म्हणून त्याने दोन वेगळे धातू दोन ठिकाणी जोडले आणि एक जोड उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात ठेवून स्थिर करंट मिळवला. त्याच्या देशात आधी फारशी दाद मिळाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने 1841 मध्ये त्याला कोपली पदक दिलं. या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

वायर येईपर्यंत गिझर लावू नका, पाणी चुलीवर तापवा. वायरमनकडून मीटरपाशी सप्लाय बंद करून घे, तो जोड सोडवून बघ आणि आतली तार कशी दिसते ते मला कळव. कडबा आजच हलव. काकूंना नमस्कार, वहिनींना सांग गिझरचा दोष नव्हता.

तुझा,
अविनाश